दुखवट्याच्या घरचा फराळ

तारामावशी गेली त्या सकाळी दारावर पहिली आली ती दिवाळीची ऑर्डर. नवरात्र चालू होतं. डॉक्टर नुकतेच जिना उतरून गेले होते, आई आत मावशीच्या उशाशी बसली होती आणि समोरच्या चाळीतल्या एक बाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, ‘‘मावशी आहेत ना? अनारसे सांगायचे होते.’’ मी आतल्या खोलीकडे पाहिलं. ‘‘झोपल्यात वाटतं? बरं, संध्याकाळी येते,’’ म्हणून त्या गेल्याही... मावशीला हे आवडलं असतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वडिलांच्या मागे आमचं गिरगावातलं घर तिच्या फराळावर चाललं; माझी कॉन्व्हेंटची फीसुद्धा चकल्या-करंज्यांतून गेली. नाताळात फोर्टमधल्या दुकानांच्या काचा कशा सजतात ते मी पाहिलं होतं, त्यामुळे मला वाटायचं, सणासुदीला धंदा करायचा तर जाहिरात हवी. एका वर्षी मी सुबक अक्षरात पत्रकाचा मजकूर लिहून तिला दाखवला. ‘‘छान आहे गं,’’ ती म्हणाली, ‘‘पण लोकांनी काय कागद चावून बघायचाय?’’ आणि त्याच कागदावर तिने शेव निथळत ठेवली.

तिची जाहिरात वेगळीच होती. दसरा झाला की ती चौकशी करायची, वर्षभरात कुणाकडे कोण गेलं. अशा घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, शेजारपाजारचे फराळ देतात. मावशी ओळख असो-नसो, ताट घेऊन जायची. ताट मी धरायचं. ‘‘तू बरी,’’ म्हणायची, ‘‘तोंड उघडत नाहीस, त्यामुळे शहाणी दिसतेस.’’ पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातली बरीच घरं तिची गिऱ्हाइकं झालेली असायची. आई म्हणायची, ‘‘ताईचा जीव मोठा.’’ शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘‘जीव कसला, डोकं मोठं!’’ मला दोघींचंही पटायचं आणि दोघींचाही राग यायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला, त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही ट्रामने लालबागला गेलो. शेवंताबाईंचा नुकताच गिरणीत लागलेला मुलगा त्या गोळीबारात गेला होता. भिंतीवर त्याचा फोटो आणि फोटोपेक्षा मोठा, सुकलेला हार. मावशीने ताट पुढे करायला सांगितलं, तसे शेवंताबाईंचे दीर उठून उभे राहिले. ‘‘काय ओ बाई, आमच्या पोराच्या नावावर गिऱ्हाईक जोडताय व्हय?’’ मी दाराकडे सरकले. मावशी मात्र खाली बसली. ‘‘जोडतेय की,’’ ती म्हणाली. ‘‘आवडलं तर पुढच्या दिवाळीला सांगा, नाही आवडलं तर शिव्या द्या. पण आधी खाऊन तर बघा.’’ दीर परत खाली बसले. शेवंताबाईंनी चकली उचलली... परतताना ट्राममध्ये मी धीर करून विचारलं, ‘‘मावशी, ते म्हणाले ते खरं होतं?’’ मी इंग्रजीत काही बोलले असावे असं तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘चकलीच्या पिठात मोहन जरा कमी पडलं गं या खेपेला,’’ ती म्हणाली. पुढच्या वर्षी ते दीरच ऑर्डर द्यायला आले. मावशीने पैसे पूर्ण घेतले. वर एक करंजीसुद्धा घातली नाही.

यंदा कढई चढायची नव्हती ती आमच्याच घरी. ऑर्डरी तर येत होत्या. ‘‘सगळ्यांना नाही म्हणून सांग,’’ आई म्हणाली. पण एक दिवाळी चुकली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं आणि मग आम्ही दोघींनी काय करायचं, हे तिलाही कळत होतं. अशात तेराव्यानंतर लालबागचे ते दीर आमचा जिना चढून आले. ‘‘आमच्याकडं तळा की. चूल हाय, माणसं हायत.’’ आई म्हणाली, ‘‘तुम्हाला कशाला त्रास?’’ ‘‘त्रास कसला? आमची बी ऑर्डर हाय त्यात.’’ ते हसून म्हणाले की रागाने, मला सांगता येणार नाही.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर मी शेवंताबाईंच्या चुलीपुढे बसले होते. आई पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलंच, ‘‘त्या वर्षी मावशी तुमच्याकडे... कशासाठी आली होती, असं वाटलं तुम्हाला?’’

‘‘धंद्याला आलती,’’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘‘दिसत हुतं की.’’ त्यांनी कढईतल्या चकल्या उलटल्या. ‘‘बाकी समदी मोठं मोठं बोलाया यायची. हार घालायची, मला बी बोलाय लावायची. तुझ्या मावशीनं फकस्त इचारलं, तिखट चालतं का म्हणून.’’

मी तर तिथेच उभी होते, हातात ताट घेऊन. मला हे आठवतच नाही. मी दाराकडे बघत होते बहुतेक...

‘‘मग ती चांगली म्हणायची, की...’’

‘‘पोरी, तेल तापलंय.’’ त्यांनी मावशीचा पितळी सोऱ्या पीठ भरून माझ्या हातात दिला. ‘‘दाब.’’

मी दाबला. काहीच बाहेर येईना. दोन्ही हात लावले, गुडघे टेकले, तेव्हा कुठे वेडावाकडा एक वेढा पडला आणि तुटला. याला इतका जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. मावशी हे बोलता बोलता करायची.