दुर्गाचं झबलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही — पण सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मुरबाडची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाले आणि नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी मला कामावर घेतलं. त्यांचे उपकार मी अजून मानते. अर्धशिशीच्या रुग्णांसाठी त्यांनी वेगळी पद्धत सुरू केली होती. कपाळावर दोन पट्ट्या लावायच्या, लहानशा यंत्रातून मंद वीज सोडायची, आणि ती झिणझिण चालू असतानाच रुग्णाला बोलतं करायचं. यंत्र डॉक्टरांचं, बोलणं माझं.

दुर्गा बाळकुमच्या एका कोळी घरातली सून, माझ्याच वयाची. दुखणं उठलं की अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडून राहायची. सुरुवातीला गप्प असे. मग हळूहळू बोलू लागली. तिची मुलगी जन्मल्यावर आठवड्यातच गेली होती. घरात तो विषय कुणी काढत नसे. दुर्गाने तिचं एक झबलं मात्र ट्रंकेच्या तळाशी लपवलं होतं. हे तिने फक्त मला सांगितलं — आणि तिचं दुखणं कमी होत गेलं. विजेने की बोलण्याने? दोन्हींनी मिळून, असं डॉक्टर म्हणत.

तिची सासू बाहेर बाकावर बसलेली असायची. मी एकटी राहते म्हणून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. एकदा तिने माझा हात धरला. "बाय माझे, काय हाय गो तिच्या मनात? मना तरी सांग."

मी सांगितलं. झबल्याचंही. काळजीपोटी? असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आले. खरं म्हणजे — मला मोठं वाटलं. आईच्या वयाची बाई मला विचारतेय आणि मला ठाऊक आहे! वर "माझं नाव घेऊ नका" असंही म्हणाले. म्हणजे चूक कळत होतीच ना?

सासूने नाव घेतलं नाही. पोरीचा जीव त्या कपड्यात अडकलाय, म्हणूनच सुनेचं डोकं दुखतं, असं तिला वाटलं. तिने झबलं खाडीत सोडलं.

पुढच्या वेळी दुर्गा आली ती उभीच राहिली.

"ताई, तू सांगलंस?"

"नाही गं."

तिने जराही शंका घेतली नाही. यंत्राकडे बघत म्हणाली, "मंग यानंच खेचलं माझ्या डोक्यातलं. मना नको बाय हे."

यंत्राला मनातलं कळत नाही — एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते मी बोलले असते तर मग सांगणारं उरलं कोण? मी पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. ती गेली, पुन्हा आली नाही.

"अडाणी माणसं, विजेला घाबरतात," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. मी — जिची आई सहीच्या जागी अंगठा लावायची.

काही वर्षांनी ती नौपाड्यातच भेटली, भर दुपारी. पदर डोळ्यांवर ओढलेला. ऊन सोसत नव्हतं. दुखणं केव्हाच परतलं होतं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुझ्याशी बोलायची ना ताई, तसं मंग कुणाशीच नाय बोलले."

मी तिला रिक्षात बसवलं. तेव्हाही सांगितलं नाही.