मामाच्या घरात वीज कोण खातं?

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कपातला चहा संपवा. हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. विजेच्या बाबतीत मी जी अक्कल पाजळली, ती आठवली की अजून माझे कान गरम होतात.

लढाई संपली आणि मी पलटणीतून सुटून आलो. माझं गाव कराडजवळ. घरात रॉकेलची चिमणी, गोठ्यात बैल. पलटणीत मी होतो कुठं? गोदामात, ब्लँकेटांच्या घड्या घालायला! पण गावात सांगताना "मिल्ट्रीत होतो" एवढंच सांगायचं. पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीनं समजून घ्यावं.

माघात मी सांगलीला मामाकडं आलो. नोकरी शोधायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण म्हणजे मामाची मुलगी, शालन. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे तुम्हाला माहीतच आहे. पण हक्क असून काय उपयोग? मामी राजी नको का? शालन मला मिळणार की नाही, हे सगळं मामीच्या हातात होतं.

मामाची गुळाची अडत होती. चार पैसे बरे मिळत, म्हणून घरात वीज घेतलेली. खोल्यांत दिवे, टेबलावर पंखा आणि मामाचा जीव की प्राण असलेला रेडिओ. त्यात मी भर घातली. मामीला खूश करायला छावणीच्या बाजारातून विजेची इस्त्री आणली! दिव्याचा बल्ब काढायचा, तिथं तिची वायर अडकवायची, की झाली गरम. निखारे नकोत, राख नको. मामीनं तिला हळदकुंकू वाहिलं.

रोज सकाळी मी माझ्या पॅन्टला कडक इस्त्री मारायचो. त्या घडीवर सुपारी कातरून घ्यावी! मग नोकरी शोधायला बाहेर पडायचो. म्हणजे कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो आणि जेवणाच्या वेळेला बरोबर परत.

चैत्रात एके दिवशी मामा विजेचं वाढलेलं बिल हातात धरून ओसरीवर आला.

"दत्तू, लेका, लाईट हाय का चेष्टा? तू मिल्ट्रीत हुतास, तुला ठावं आसंल. ह्या घरात लाईट जास्त कोण खातंय रं?"

'मला काय माहीत' असं म्हणालो असतो, तर काय बिघडलं असतं? पण नेमक्या त्याच वेळी दाराआड शालनच्या बांगड्या वाजल्या. मग काय विचारता! मी पायावर पाय टाकला.

"मामा, लय सोपं हाय. गोठ्यात वैरण जास्त कोण खातं?"

"नांगराचा बैल."

"का?"

"राबतो म्हणून."

"मग? हितं बी तसंच. पंखा बघा, दिवसभर गरागरा फिरतोय. त्यो खाणारच की! रेडिओ बोलतोय, गातोय, त्याचीबी दमछाक हुती. दिवं निस्तं एका जागी जळत्यात, त्यांचं बेताचं."

"आन इस्त्री?" मामीनं आतून विचारलं.

"ती? ती कुठं काय खाती? निजल्यागत पडून आसती. हलत न्हाई, बोलत न्हाई. तिला मूठभर बास!"

मामा माझ्याकडं बघतच राहिला. "आगं, पोरगं लय हुशार निघालं," तो मामीला म्हणाला. आणि दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या.

त्याच दिवशी पंखा जुन्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला. रेडिओवर मामानं स्वतःच्या हातानं कापड टाकलं. वरनं एकदा हातही फिरवला हो! संध्याकाळी बातम्या ऐकायला गल्लीतली माणसं यायची, ती हिरमुसून परत गेली. वैशाखाच्या उकाड्यात मामा जुन्या वर्तमानपत्रानं वारा घेत ओसरीवर बसायचा. घामाच्या धारा लागलेल्या, पण तोंडावर समाधान. भाच्यानं घर वाचवलं!

आणि मामी? मामीला रान मोकळं मिळालं. इस्त्री काहीच खात नाही म्हटल्यावर ती थांबते होय? आधी लुगड्यांना झाली, मग मामाच्या धोतरांना. मग चादरी, उशांचे अभ्रे, दाराचा पडदा. एकदा तर मी मामाच्या लंगोटाला इस्त्री करताना तिला पाहिलं. त्यात लग्नसराई! गल्लीतल्या बाया गाठोडी घेऊन यायला लागल्या.

"या की, लाजताय काय?" मामी त्यांना म्हणायची. "आमच्या दत्तूनं सांगितलंय, इस्त्रीला लाईट लागतच न्हाई. त्यो मिल्ट्रीत हुता!"

बघा हं, मी म्हणालो होतो 'मूठभर'. गल्लीत पोचेपर्यंत त्याचं 'लागतच नाही' झालं होतं. मी ते दुरुस्त केलं का? छे! मामीचं गल्लीत नाव झालं होतं आणि त्या नावाचा धनी मी होतो. वळवाचा पाऊस येऊन वाळत टाकलेले कपडे भिजले, तर मामी ओलेच कपडे इस्त्रीखाली घालून वाळवायची. घरात नुसती वाफ! मी बाजूला बसून, घडी कशी घालावी ते सांगत असे.

मामी एवढी खूश झाली, की माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा यायला लागला. एकदा तिनं मामाला म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "आवं, शालनचं बोलून टाकू या का दत्तूच्या आईसंगं?" त्या दिवशी मी घाटावर जाताना शीळ घालत गेलो.

आणि मग पुढचं बिल आलं.

मामानं ते एकदा वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा वाचलं. मागच्यापेक्षा भलतंच मोठं! त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता, आणि पंखा माळ्यावर.

"पंखा बंद. रेडिओ मुका. मग खाल्लं कुणी?"

"मीटर बिघडला आसंल, मामा," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात शालन दाराआडून बाहेर आली. तिनं स्टूल आणून मीटरखाली ठेवलं, पदर खोचला आणि वर चढली. "आबा, येकेक लावून बघू या की. हितं चकती फिरती, ती बघायची. जोरात फिरली की जास्त खाल्लं."

आधी दिवा लावला. चकती थकल्या बैलागत एक पाऊल टाकायची आणि विचार करायची. मग माळ्यावरचा पंखा उतरवून लावला. चकती जरा हलली, पण फार नाही. रेडिओ लावला, तरी तेच. मामा त्या रेडिओकडं असा बघत होता, की जणू हरवलेला भाऊ जत्रेत सापडावा.

मग मामीनं इस्त्री लावली.

अहो, चकती अशी भिंगरीगत फिरायला लागली, की तिच्यावरची तांबडी खूण दिसेनाशी झाली! शालननं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

"दत्तू," मामा अगदी हळू आवाजात म्हणाला, "ह्यो कुठल्या गोठ्यातला बैल म्हणायचा?"

शालन हातची गेली, असं मला आत कुठंतरी स्पष्ट कळलं. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मामी मात्र रागावली नाही. तिनं इस्त्रीची वायर काढली, नीट गुंडाळली आणि मामाला म्हणाली, "आवं, त्याला कशाला बोलताय? चूक माझी हाय. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, कोपऱ्यात निस्तं बसून ऱ्हायचं, त्येच समद्यात जास्त खातं, हे मला कवाच कळाय पायजे हुतं. माघापासनं रोज दोन टायमाला वाढतीय की मी त्याला!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मामाच्या अडतीवर गुळाच्या ढेपा उचलायला हजर झालो. कुणी सांगितलं नव्हतं. पॅन्टला इस्त्रीही केली नव्हती. वर्षभर पाठ मोडेपर्यंत राबलो, तेव्हा कुठं मामीनं माझ्या आईसंगं बोलणं केलं आणि शालन माझी झाली.

संसार छान झाला हो आमचा. फक्त एकच आहे. आजही जेवण झाल्यावर मी खुर्चीत जरा निवांत बसलो, की आतून शालनचा आवाज येतो, "आवं, मीटर बघून येऊ का?"