नावांवरची फूटपट्टी

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. मास्तर होते तोवर भीती होती, ते गेल्यावर गप्प राहायची सवय झाली. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून आधी त्यांची फूटपट्टी सांगतो.

लाकडी, बारा इंची, कडेला शाईने काळी पडलेली. शिरूरला स्टँडसमोरच्या पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होता, तिथं मास्तर कामाला होते. कुणी रजिस्टर बघायला मागितलं की ते फूटपट्टी उभी करून नावांच्या रकान्यावर ठेवायचे आणि मगच रजिस्टर समोर फिरवायचे. म्हणायचे, "गाव बघा, विषय बघा. नाव न्हाई."

पूर्वी ते टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला, 'मास्तर' एवढं मागे राहिलं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. इंटरनेट म्हणजे काय हे लोकांना ठाऊक नव्हतं, पण तिथं विचारलं की उत्तर मिळतं, एवढं कानावर आलं होतं. केंदूरचे एक मामा बाकावर टेकत म्हणायचे, "मास्तर, मशीनला इचारा, माझी म्हैस गाभण का राहीना." मास्तर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "मशीनला आधी म्हशीचं वय सांगावं लागतंय, मामा." मग इंग्रजीत टाइप करून, सापडेल ते वाचून, सोप्या मराठीत समजावून द्यायचे.

तोच माणूस पंधरा दिवसांनी येऊन "मागचं ते परत काढा" म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून मास्तर रजिस्टरमध्ये नाव-पत्त्यापुढे, काय शोधलं तेही एका ओळीत लिहून ठेवत. मालकाने हे सांगितलं नव्हतं. ही त्यांची स्वतःची पद्धत.

माझा धंदा जाहिरातीचा. पत्रकं छापायची, भिंती रंगवायच्या, रिक्षातून पुकारा करायचा. दुपारी चहाला मी कॅफेत बसायचो. एकदा रजिस्टरवर नजर गेली तर दिसलं, न्हावऱ्याकडचे बरेच जण एकच गोष्ट विचारून गेलेत: ठिबकच्या नळ्या तुंबल्या तर काय करायचं. मी एका दुकानदाराला सांगितलं, त्याने नळ्या साफ करायचं औषध मागवलं, आणि मी त्याच भागात पत्रकं वाटली. माल बघता बघता संपला. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हंजी लोकांचं काम झालं ना," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते मला दर आठवड्याला कुठल्या गावात काय विचारलं जातंय ते सांगू लागले. माणूस दुकानात शिरायच्या आधी त्याच्या मनात काय आहे, हे मला कळत होतं. पुण्याच्या जाहिरातवाल्यांनाही तेव्हा हे सुचलं नव्हतं. या वाक्यात अजून माझी ऐट वाजते, पण ते खोडत नाही. तेव्हाचा मी असाच होतो.

मग पुण्याचा एक मलमवाला माझ्याकडे आला. त्याला गावं नको होती, अंगावरच्या पांढऱ्या डागांबद्दल विचारून गेलेल्यांचे पत्ते हवे होते. मी मास्तरांपाशी विषय काढला. त्यांनी फूटपट्टी नीट सरळ केली. "आप्पा, गावात बोलता येत न्हाई म्हणून माणूस दुखणं घेऊन हितं येतो. त्याच्यामागं आपण परत गावात जायचं का?"

मी हसून सोडून दिल्यासारखं केलं.

शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जायचे. तेवढा वेळ कॅफे माझ्यावर सोपवायचे. रजिस्टर टेबलावर, वर फूटपट्टी. कपाटाला कुलूप होतं, पण माझ्यासमोर त्यांनी ते कधी वापरलं नाही. एका शुक्रवारी मी फूटपट्टी उचलली, हवे ते पत्ते उतरवून घेतले आणि ती पुन्हा ठेवली. तिरपी होती, तशीच तिरपी ठेवली.

मलमवाल्याला पाकिटं महाग वाटली. मीच पोस्टकार्डं सुचवली, मीच छापली. वर ठळक अक्षरांत: 'पांढऱ्या डागांची काळजी सोडा.' खेड्यात कार्ड घरी पोचेपर्यंत चार जण वाचतात, हे मला माहीत होतं. ते मला सोयीचंच वाटलं होतं.

न्हावऱ्याचे एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी विचारून गेले होते. मानेखाली दोन डाग, तेवढेच. मुलीची सुपारी फुटली होती. कार्ड पारावर हातोहात फिरलं आणि आठवड्याच्या आत पाहुण्यांनी लग्न मोडल्याचा निरोप धाडला.

ते गृहस्थ कॅफेत आले तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, ह्या खोलीबाहेर मी कुनाला बोललो न्हवतो. पाव्हन्यांना आमी सांगनारच व्हतो. पर आमच्या तोंडानं."

मास्तरांनी कार्ड उलटसुलट केलं. मलमवाल्याचं काम माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"रजिस्टर माझं हाय," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "चूक माझी."

चार दिवसांत बभ्रा झाला आणि मालकाने त्यांना काढून टाकलं. ते दौंडला गेल्याचं कळलं. माझा धंदा मात्र वाढला. पुढे व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात 'गिऱ्हाईक कसं ओळखावं' यावर मी भाषणही केलं, आणि त्यात फूटपट्टीवाल्या मास्तरांचा किस्सा गंमत म्हणून सांगितला. लोक हसले. आज तुम्ही फोनवर काही शोधता आणि तासाभरात त्याचीच जाहिरात समोर येते, तेव्हा तुम्हाला नवल वाटत असेल. मला वाटत नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मात्र मी कुणालाही विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी मी एसटीने दौंडला गेलो. वाटभर दोनच वाक्यं घोकत होतो. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्यांच्या ओळीत मास्तर बसले होते. समोर टेबल, तीच फूटपट्टी. मी समोरच्या स्टुलावर बसलो. त्यांनी कोरा कागद ओढला.

"बोला. काय लिहायचंय?"

घोकलेलं तोंडात आलं नाही. मी म्हणालो, "रेशनकार्डावरचं मुलीचं नाव कमी करायचंय."

"लग्न झालं?"

"हो. मागच्या महिन्यात."

"बरं झालं," ते म्हणाले आणि लिहू लागले. ओळीखाली फूटपट्टी धरून, टायपिंगइतकं सरळ. माझं नाव, माझा पत्ता त्यांनी मला विचारला नाही. मुलीचं नाव तेवढं विचारलं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे फिरवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"शिरूरचं काम शिरूरलाच होतं, आप्पा. त्यासाठी दौंडला कशाला आलात?"

ते थांबले होते. टोपण उघडलेला पेन हातात तसाच धरून, माझ्याकडे बघत. मागे कुणी आपली पाळी यायची वाट बघत नव्हतं.

"इकडं काम होतं," मी म्हणालो, "म्हणून."