ऑक्सिजन चांगला आला

मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी उडते, तिथं टोचलेली सुई फार दुखते. तिथलं रक्त सिस्टर काढतात. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा बाहेर घालवून, तोंड बंद करून ती माझ्या हातात देतात आणि मी ती तळव्यांत घोळवत मशीनकडं नेतो. वाटेत कुणाशी बोलत थांबायचं नाही, कारण रक्त शिळं झालं की आकडे फसवतात. रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या या तपासणीला सगळे एबीजी म्हणतात. मशीन बिलाच्या खिडकीमागं आहे. चिठ्ठी मीच भरतो: नाव, ताप किती, ऑक्सिजन किती लिटर चालू आहे. खाली नातेवाइकाची सही. ती आल्याशिवाय रक्त काढायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे. "एवढ्या वेळा सुया कायले टोचल्या?" म्हणून मागं एकदा बिलावरून मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासूनचा.

मी कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सोडली आणि गुळाच्या ट्रकवर क्लिनर झालो. खामगावला माल उतरवताना न्यूमोनियानं आडवा पडलो. ड्रायव्हर मला या दवाखान्यात सोडून गेला, त्याचंही काही चुकलं नाही, त्याला परतीचं भाडं होतं. डॉक्टरसाहेबांनी मला बरं केलं, पैसे मागितले नाहीत आणि वर वॉर्डबॉय म्हणून कामाला ठेवून घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या माणसाचं माझ्यावर एवढं ऋण आहे की ते जवळून गेले तरी माझ्या हाताला घाम येतो. आपल्याकडून काही चुकेल, आणि ते म्हणतील, जा बाबा आता तुझ्या गावाला.

ज्या बाईचं सांगतोय ती पिंपळगाव राजाची. मेथी, वांगी लावायची आणि बाजारात स्वतः विकायची. जन्मभर चुलीचा धूर खाऊन छातीचं खोकं झालेलं. चार दिवस बसून काढले होते, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. तरी मी उशी द्यायला गेलो तेव्हा धापा टाकत, सोबत आलेल्या मुलाला म्हणाली, "हा कोण्या गावचा हाये रे? बोलते साहेबावाणी, अन् चपला घालते माह्या बुढ्यावाणी." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

डॉक्टरसाहेबांनी दोन लिटर ऑक्सिजन लावला, दोन तासांनी एबीजी करायला सांगितली आणि ते ऑपरेशनला गेले.

दुपारी मी खाटेजवळ गेलो तर मुलगा भिंतीवरची ऑक्सिजनची किल्ली फिरवत होता. नळीतला आवाज वाढला. मला बघून तो ओशाळला. "भाऊ, बाप कोरोनात गेला माहा. सिलिंडरसाठी मोताळ्यापासून अकोल्यापर्यंत हिंडलो, भेटला नाई. आता भिंतीतून येऊन राह्यला तं घेऊ द्या ना तिले पोटभर."

मी काट्याकडं पाहिलं. दोनाचे सहा लिटर झाले होते. बोलायला पाहिजे होतं. पण जास्त ऑक्सिजननं कुणाचं वाईट होत असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कोरोनात आम्ही सगळे एकच गोष्ट शिकलो होतो, ऑक्सिजनचा आकडा वर गेला की माणूस वाचला. आणि सिस्टरला सांगितलं तर त्या पोराला बोलणी बसतील असंही वाटलं. मी चिठ्ठीवर, डॉक्टरांनी लिहिलं होतं तसं, दोन लिटर लिहिलं. त्यानं सही केली.

मशीनमधून कागदाची पट्टी आली. ऑक्सिजन एकशे बारा. त्याच्या वर कार्बन डायऑक्साइड अडुसष्ट, जिथं चाळीसच्या आसपास असावा लागतो. आणि सगळ्यात वर पीएच, म्हणजे रक्त किती आंबट झालंय ते, सात पॉइंट अठ्ठावीस, जिथं सात पॉइंट चार पाहिजे. याचा अर्थ मला आज कळतो. तेव्हा मी एवढंच पाहिलं की फरक बारा पैशांचा आहे, आणि बारा पैशांवर बाजारात कुणी भांडत नाही.

पट्टी फाईलला लावायला गेलो तर मुलगा दारातच उभा.

"काय आलं भाऊ?"

आकडे सांगायचा मला अधिकार नाही. पण त्याचं तोंड बघवेना. म्हणालो, "ऑक्सिजन चांगला आला."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. आत म्हातारीची मान उशीवर कलली होती. धाप कमी झालेली. मुलगा कुजबुजला, "चार दिसानं झोपली माय."

सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या फिटमध्ये अडकल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी ऑपरेशनमधून आल्यावर पट्टी पाहिली ती अर्ध्या तासानं. कपाळाला आठ्या. "दोन लिटरवर एकशे बारा? या छातीत? जमत नाही हे. लगेच पुन्हा करा." एवढं म्हणून ते त्या फिटवाल्याकडं धावले.

मी दुसरी चिठ्ठी घेऊन मुलाकडं गेलो. त्यानं हात मागं घेतला.

"काऊन पुन्हा? आताच तं चांगला आला म्हणाले तुम्ही."

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेबाले काय, मशीन घेतलं तं चालवाच लागते. भाऊ, तुम्ही आपले मानूस हा, तुम्हीच सांगा. तिचा डोळा लागला अन् तुम्ही पुन्हा सुई खुपसता? मी नाई करत सही. उठू द्या तिले."

मी तिथं उभा राहिलो. दोन वाक्यं पुरली असती. किल्ली तुम्ही वाढवली, मी चिठ्ठीत खोटं लिहिलं. ती तोंडात होती आणि बाहेर आली नाहीत. सही मिळेना म्हणून मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा विचारलं. अशी वीस मिनिटं गेली.

मग डॉक्टरसाहेब स्वतः आले. त्यांनी म्हातारीला हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या हाडावर बोटं दाबली. ती उठली नाही. त्यांनी भिंतीकडं पाहिलं.

"सहा कुणी केलं?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं, मी हातातल्या चिठ्ठीकडं. दुसरं रक्त सहीशिवाय गेलं. कार्बन डायऑक्साइड शंभराच्या वर. घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याच्या आदल्याच दिवशी मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं होतं. ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "अशा छातीला कमी ऑक्सिजनची सवय झालेली असते. एकदम जास्त दिला की आतली खराब हवा आतच साठते आणि माणसाला गुंगी येते. बाहेरून ती झोप दिसते." टोपण बंद करून, "पट्टी मी अर्ध्या तासानं बघितली. तू सांगितलंस त्याबरोबर तेही लिहून ठेव." त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला कधीकधी वाटतं, आणि लगेच भीती वाटते की हा विचार त्यांना ऐकू जाईल.

तिला घरी न्यायला गाडी मागवली होती. मुलगा बिलाच्या खिडकीशी आला. दुसऱ्या एबीजीची चिठ्ठी सहीशिवाय होती आणि सहीशिवाय बिल निघत नव्हतं. ती मीच त्याच्यापुढं सरकवली. त्यानं न वाचता सही केली.

मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी आकडा चांगला आला म्हणालो, ते चुकलं. मला वाचता येत नव्हतं ते. मी बोलायलाच नको होतं."

"तुमचं काय चुकलं भाऊ. तुम्ही लय केलं." डोळे पुसून तो माझ्याकडं बघत राहिला. "मले एकच सांगा. ऑक्सिजन तं कमी नाई पडला ना तिले?"

किल्लीवर त्याचाच हात होता. उरलेलं खरं त्याला सांगितलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं, आणि ते त्यानं जन्मभर वाहिलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "कमी नाही पडला."

"बस," तो म्हणाला, आणि चिठ्ठीची आपली प्रत घडी करून खिशात ठेवून गाडीकडं गेला.