सुटे पाय, एकच सायकल

तळेगावहून सकाळी निघालो तेव्हा टेम्पोच्या हौद्यात आमची जोडसायकल गोधडीत गुंडाळून आडवी बांधली होती. ही दोन सीटची सायकल आम्ही लग्नाच्या दहाव्या वर्षी घेतली. पुढे मी, मागे माझा नवरा श्रीधर. दोघांची पायडलं एका साखळीने जोडलेली. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच.

दोन वर्षांपूर्वी श्रीधरला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय अशक्त झाला, शब्द उशिरा येऊ लागले. जरा सावरल्यावर आम्ही पुन्हा सायकल काढली. गेल्या हिवाळ्यात एका सपाट रस्त्यावर त्याचा तोच पाय अचानक आखडला. त्याला ‘थांब’ म्हणायचं होतं, पण शब्द येईना, आणि मला मागचं काही दिसत नव्हतं. पायडल जड लागलं, पण मला वाटलं तो थकलाय, आणि मी मारत राहिले. पायडलला पट्ट्याने बांधलेला त्याचा पाय तसाच ओढला गेला. आम्ही दोघेही पडलो. त्याचा घोटा मोडला. त्यानंतर तो सायकलकडे फिरकला नाही. मीही आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते?

पुढे-मागे बसणाऱ्यांना आपापलं पायडल मारता येईल असा क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा, संच मिळतो, हे कळल्यावर मी तो परदेशातून मागवला. पण आमच्या जुन्या सांगाड्याला त्याचे आटे जुळेनात. पुण्यातल्या दोन दुकानांनी हात वर केले. तिसऱ्याने कोल्हापूरच्या एका लेथवाल्याचं, इक्बालभाईंचं नाव सांगितलं. श्रीधर ‘येतो’ म्हणाला, एवढंच.

दुपारी पंचगंगेचा पूल ओलांडून आम्ही शाहूपुरीत पोचलो. इक्बालभाईंचं वर्कशॉप एका मागच्या गल्लीत होतं. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी सायकल उलटी करून पाहिली, संच हातात फिरवला आणि श्रीधरकडे वळले.

“पावणं, पाय कवा अडतोय?” (कवा म्हणजे केव्हा.)

मी सवयीने सांगायला लागले. त्यांनी मागे घरघरणारं लेथ बंद केलं.

“वैनी, पाय त्यांचा हाय न्हवं? त्यांनाच सांगू द्या की.”

मग ते स्टुलावर बसून राहिले. श्रीधर शब्द शोधत होता. बराच वेळ गेला. मला त्याच्या तोंडात शब्द घालण्याची इतकी घाई झाली की मी ओढणीची कड मुठीत धरली.

“वर... वर येताना,” तो शेवटी म्हणाला. “गुडघा. आणि थांबता... थांबता येत नाही.”

गुडघ्याचं मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं मी सगळ्या डॉक्टरांना त्याच्या वतीने पोटरीबद्दल सांगत आले होते.

इक्बालभाईंनी समजावून सांगितलं ते असं: दोघांच्या साखळ्या आता मधल्या एका आसावर येणार, आणि तिथे प्रत्येकीला वेगळं फ्रीव्हील असणार. एकाचा पाय थांबला तरी दुसऱ्याचा फिरत राहील, चाकही फिरत राहील. शिवाय श्रीधरच्या उजव्या क्रँकच्या दांड्याला आसाच्या जवळ एक नवं भोक पाडून तिथे पायडल बसवायचं. वर्तुळ लहान झालं की गुडघा कमी वर येईल. हे शेवटचं काम संचाबरोबरच्या कागदावर कुठेच नव्हतं. ते श्रीधरच्या त्या दोन-तीन शब्दांतून निघालं होतं.

आटे जुळवायला एक पितळी बुश, म्हणजे मधे घट्ट बसणारी नळी, करावा लागला. संध्याकाळी गल्लीतच सायकल चालवून पाहिली. पन्नास पावलं गेलो असू, तोच बुश सरकला, साखळी उतरली आणि हिसका बसला. पडलो नाही, पण मागे वळून पाहिलं तर श्रीधरचा चेहरा पांढरा पडला होता. इक्बालभाई धावत आले. चूक माझी हाय, सैल बसला, म्हणाले आणि तो बुश त्यांनी भंगारात टाकला.

त्या संध्याकाळी आम्ही गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध पेल्यात मिळतं. फेस ओठाला लागत होता, दूध कोमट होतं. मी म्हटलं, नको असेल तर उद्या घरी जाऊ. श्रीधरने पेला संपवला आणि मान हलवली. हो की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा बुश बसला. टेम्पोने आम्ही शहराबाहेर, बिद्रीच्या रस्त्याला आलो. तिथे सायकल उतरवून आम्ही दोघे निघालो, इक्बालभाई स्कूटरवरून मागे. दोन्ही बाजूंना ऊस, काही फडांत तोडणी चाललेली, आणि वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस वास. ऊस भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. एक ट्रॅक्टर अगदी जवळून गेला तेव्हा मी सायकल रस्त्याच्या कडेला घेतली.

मग एक चढ लागला. मधेच सायकल जड झाली. मागून जोर येईना. पाय आखडला असेल, शब्द अडला असेल, असं वाटून मी ब्रेकला हात घातला. तेवढ्यात स्कूटर शेजारी आली.

“चालवा वैनी,” इक्बालभाई म्हणाले. “बरं हाय त्यांचं.”

मी एकटी ओढत राहिले. मांड्या भरून आल्या. चढ संपत आला तसा मागून जोर लागला आणि सायकल हलकी झाली. वर पोचून आम्ही उतरलो.

“दुखलं?” मी विचारलं.

श्रीधरने मान हलवली. मी या वेळी थांबले.

“मुद्दाम,” तो म्हणाला. “मुद्दाम थांबलो. ऊस... ऊस बघत होतो.”

मला हसू आलं नाही. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि रडले. इक्बालभाई सायकल जरा लांब नेऊन साखळीला तेल घालत राहिले.

घरी परतून आता दोन महिने झाले. रविवारी आम्ही इंद्रायणीच्या बाजूला जातो. एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी श्रीधरच्या पायाचा जोर माझ्या तळव्यांना कळायचा. तो थकला, रागावला, खुशीत आहे, सगळं पायडलमधून यायचं. आता काही येत नाही. त्याच सायकलवर तो माझ्यापासून सुटा आहे. चढावर मी बोलणं थांबवते आणि मागे त्याचा श्वास ऐकू येतो. तेवढ्यावर मी पुढे जाते.