टाकीतली वाळू

हळदीचे व्यापारी लालासाहेब यांनी समुद्राच्या माशांची काचेची टाकी बैठकीत आणून ठेवली, तेव्हा सांगलीतली निम्मी पेठ ती बघायला लोटली. खारं पाणी, मासे, वाळू, सगळं रत्नागिरीहून ट्रकनं आलं होतं. सोबत आलेल्या कोळ्यानं लालासाहेबांच्या बायकोला, शालूबाईला, बजावून सांगितलं होतं: वरची बोटभर वाळू तेवढी हलक्या हातानं हलवायची, तळाला हात लावायचा नाही. तिथं काळा, कुजका थर साचतो. तो उसकटला की पाणी विषारी होतं. वाळूतले शंख नि किडे काढायचे नाहीत, घाण तेच खातात.

शालूबाईनं ते जिवापाड सांभाळलं. बांबूच्या काडीनं ती वाळू अशी हलवायची, की पाणी जरासुद्धा गढूळ व्हायचं नाही.

"वाळू बरी पोसतीया," लालासाहेब पाहुण्यांसमोर म्हणायचे, "पोटचं मातुर एक जमलं न्हाई." पाहुणे हसायचे. शालूबाई तोंडाला पदर लावून आत जायची.

पुढं त्यांनी पलूसची चंद्रा दुसरी बायको करून आणली. पोर कोवळी, भाबडी. दिवसभर शालूबाईच्या मागं मागं "ताई, ताई" करत फिरायची. तिला दिवस गेले नि लालासाहेबांनी फर्मान काढलं, "टाकीचं काम हिला शिकीव. तुझी नजर नगं आता घरातल्या जित्त्या जिवावर."

शालूबाईनं मान डोलावली. दुपारी चंद्राला टाकीपुढं उभं केलं, हातात उलथनं दिलं.

"पार तळापास्नं ढवळ. वरचीवर हलवलीस तर घाण तशीच ऱ्हाती."

"मासं भिनार न्हाईत न्हवं, ताई?"

"न्हाई गं. ढवळ तू."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसली. जरा वेळानं सडक्या अंड्यांचा वास आला. तिनं थापणं थांबवलं नाही. बाहेर चंद्रा रडत हाका मारत होती. काळ्या पाण्यात मासे तोंड वर करून तडफडत होते, एकेक उलटा होत होता.

लालासाहेब पेढीवरून आले. चंद्रा कशीबशी म्हणाली, "ताईंनीच सांगितलं..."

"मी?" शालूबाई दारातूनच म्हणाली. "इतकी वर्सं सांभाळलेल्या वाळूचं वाटोळं करायला मी सांगीन व्हय?"

ते लालासाहेबांना पटलं. त्यांनी चंद्राच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की कानातून रक्त आलं. मग मेलेले मासे तिलाच हातानं वेचायला लावले. त्याच आठवड्यात तिचं पोट पडलं आणि त्या कानानं ऐकू येणं कायमचं बंद झालं.

वास काही केल्या जाईना. लालासाहेबांनी टाकी फोडून उकिरड्यावर टाकायला लावली आणि शालूबाईला म्हणाले, "आता हितं तुझं काय काम? भावाकडं जा."

बोचकं घेऊन ती निघाली, तशी चंद्रा वेशीपर्यंत सोडायला आली. चांगला कान पुढं करून म्हणाली, "ताई, राग धरू नगा. तुमी वरचीवर ढवळ म्हनला आसाल. माझंच आयकन्यात चुकलं."

शालूबाईनं तिच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली, "तुझंच चुकलं."

आणि एसटी आली तशी चढून बसली.