पाणी तोडून दाखवते

आता हे कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? मूर्खपणा करायला शिक्षण लागत नाही म्हणतात. मला मात्र त्यासाठी एम.एस्सी. पूर्ण करावं लागलं.

झालं असं, की मी पीएच.डी.साठी अर्ज केला होता. विषय, कृत्रिम प्रकाशसंश्लेषण. घाबरू नका, पहिल्यांदा मीही घाबरले होते. झाडाचं पान उन्हाच्या जोरावर पाण्याच्या रेणूचे तुकडे करतं. तेच काम आपण यंत्राकडून करून घ्यायचं आणि त्यातून इंधन मिळवायचं. एवढंच! जागा एकच, आणि शेवटच्या यादीत आम्ही दोघं. गाईड मॅडमनी अट घातली, "सामान्य लोकांना तुमच्या भाषेत हे समजावून सांगा आणि त्याचा व्हिडिओ सोमवारपर्यंत पाठवा."

सामान्य लोक? आमची चिकलठाण्याकडची कॉलनी त्यांनीच तर भरली होती!

मी मेसेज लिहिला, 'पाण्याच्या विघटनाचे प्रात्यक्षिक.' पप्पांना वाचून दाखवला, सगळा प्रयोगही समजावला.

"सत्यनारायणाला दहा माणसं येत नाहीत, विघटनाला कोण येणार? सोपं लिही," पप्पा म्हणाले.

मी सोपं लिहिलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: 'रविवारी सकाळी अकरा वाजता मी पाणी तोडणार आहे. सर्वांनी आमच्या गच्चीवर हजर राहावे.'

हसताय ना? हसा. वर्ष दुष्काळाचं. जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि कॉलनीत दर महिन्याला एक नवी बिल्डिंग. म्हणून घरोघरी एकेक मोटर थेट नळाला जोडलेली. बेकायदा, अर्थातच. अशा ठिकाणी 'पाणी तोडणार' म्हटल्यावर कुणाला रेणू आठवेल?

शुक्रवारी समोरच्या कुलकर्णी काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या.

"आमचं नको गं तोडूस. सून बाळंतीण आहे घरात."

"उलट तुमचंच घ्यायचं म्हणतेय, काकू! तुमच्या पाण्यात क्षार जास्त. पटकन तुटतं."

काकू वाटी तिथंच ठेवून निघून गेल्या. मला वाटलं, गॅसवर काहीतरी ठेवून आल्या असतील.

कोपऱ्यावर शेख चाचांचं शिवणकामाचं दुकान. त्यांनी हाक मारली, "बेटा, नौकरी लगी बोलते?"

"अजून कुठं, चाचा! रविवारी तोडून दाखवलं, की लागेल."

"यानी पहले तोडने का, बाद में नौकरी?"

"हो ना! मॅडमना व्हिडिओ पाठवायचाय."

"व्हिडिओ भी?" चाचांनी गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला. "पहले किसका तोडते?"

"कुणाचंही चालतं. ग्लासभर असलं तरी पुरे."

"या अल्ला! ग्लासभर भी नहीं छोडते?"

केवढी ही विज्ञानाची ओढ! मी भारावून घरी आले.

शनिवारी आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. एरवी गल्लीभर घरघर चालते, त्या दिवशी एकाच मोटरीचा आवाज. बाकीच्या मोटरी गोधडीत गुंडाळून पैठणला, जालन्याला पाहुण्यांकडे रवाना झाल्या होत्या. टोकाच्या घरात कधी पाणी पोचायचं नाही, तिथंही नळ धो धो वाहिला म्हणे. मला वाटलं, प्रेशर वाढवलं असेल.

रविवारी गच्चीवर पन्नासेक माणसं. कुणाच्या हातात अर्ज, कुणाच्या हातात पेढे. कुलकर्णी काकूंनी तर तान्हं बाळच आणलं होतं. मी मोबाईल उभा केला, छोटं सोलर पॅनल उन्हात धरलं, दोन वायरी ग्लासात सोडल्या. बुडबुडे आले.

"बघा! तुटलं!"

सगळे ग्लासात वाकून बघायला लागले.

"बस? इतनाच?" शेख चाचांनी विचारलं.

"इतनाच."

आणि मग ज्या टाळ्या पडल्या म्हणता! काकूंनी डोळे पुसले. मलाही भरून आलं. मॅडमना आणखी काय हवं होतं?

तेवढ्यात जिन्यातून तीन माणसं वर आली. पाणीपुरवठ्याचं खरंखुरं पथक! काकूंनी 'सुनेसाठी महिनाभर तरी थांबा' म्हणून त्यांच्या ऑफिसात फोन केला होता. आपल्याकडं अशी कुणी मुलगीच नाही म्हटल्यावर ते बघायला आलेले.

"इथं पाणी कोण तोडायलंय?" पुढच्यानं विचारलं.

मी अभिमानानं हात वर केला.

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "व्हय का? आम्ही समदी गल्ली बघूनच आलो. एकच मोटर घावली. ह्याच घरातली. मालक कोण?"

पप्पांनी हात वर केला.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी मोटरी काढल्या, मग पप्पांनीच का नाही काढली? अहो, अख्ख्या कॉलनीत माझं संशोधन समजलेला माणूस तो एकटाच होता!

मोटर जप्त झाली, कनेक्शन गेलं. लाजेनं मला मान वर करवेना. व्हिडिओ तेवढा मी पाठवला, शेवट कापून.

आठ दिवसांनी निवडीचा मेल आला. मी धावत खाली गेले. पप्पा टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभे होते. तिथंच त्यांच्या पाया पडले.

"शाब्बास," पप्पा म्हणाले. खरंच खूश झाले होते. "किती वर्षं लागतात ह्याला?"

"पाच तरी. पाणी तोडणं वाटतं तितकं सोपं नसतं, पप्पा."

पप्पांनी हंडा नळीखाली सरकवला.

"त्या माणसाला पाच मिनिटं लागली," ते म्हणाले.